घंटी कोणाच्या हाताशी?

कुस्तीचा फड असो की क्रिकेटचे मैदान, अटीतटीचा सामना पाहण्याची माणसाला मोठी हौस. पण ज्या सामन्यात कोणी धावत नाही, कोणी पडत नाही, फार काय, कोणाच्या सदऱ्याची इस्त्रीसुद्धा मोडत नाही, असा सामनाही श्वास रोखून पाहता येतो, हे आपल्याला दूरचित्रवाणीने दाखवून दिले. या बाजूला चार विद्यार्थी, त्या बाजूला चार विद्यार्थी, प्रत्येकाच्या पुढ्यात एक बटण, आणि मधे प्रश्नांचे कागद घेऊन बसलेले एक गृहस्थ. भांडवल म्हणाल तर एवढेच! आणि तेवढ्यावर घरोघरची मंडळी पानावरची आमटी गार होईतो पडद्याला डोळे लावून बसतात.

याचे कारण उघड आहे. क्रिकेटचा सामना पाहताना आपण प्रेक्षक असतो. प्रश्नमंजूषा पाहताना आपण खेळाडू होतो. उत्तर आले की आपली छाती फुगते, आणि नाही आले तर, "हे आम्हांला शाळेत होते हो, आता आठवत नाही," असे म्हणून आपण आपली सुटका करून घेतो. हरण्याची भीती नाही, जिंकण्याचा आनंद मात्र रोख, असा दुसरा खेळ दाखवा बरे!

अशा सामन्यांपैकी एक फार गाजलेला सामना अमेरिकेत मार्च १९६६ मध्ये झाला. तिकडे 'कॉलेज बोल' नावाचा कार्यक्रम होता. १९५३ साली तो नभोवाणीवर सुरू झाला आणि १९५९ साली दूरचित्रवाणीवर आला. दोन महाविद्यालयांचे चार-चार विद्यार्थी समोरासमोर बसत. जिंकणारा संघ पुढच्या वेळी नव्या प्रतिस्पर्ध्याशी लढे, आणि लागोपाठ पाच वेळा जिंकला की अपराजित म्हणून मानाने निवृत्त होई. त्या मार्चमध्ये एका बाजूला होते प्रिन्स्टन. १७४६ साली स्थापन झालेले, नामांकित, श्रीमंत, आणि त्या वेळी पदवीसाठी केवळ मुलांनाच घेणारे! मुलींना तेथे प्रवेश मिळाला तो पुढे १९६९ साली. दुसऱ्या बाजूला होते जॉर्जिया राज्यातले, अटलांटा शहराजवळच्या डिकेटर गावचे अ‍ॅग्नेस स्कॉट हे मुलींचे लहानसे महाविद्यालय. दक्षिणेकडच्या त्या चार मुली प्रिन्स्टनच्या मुलांपुढे कितीशा टिकणार, असे कोणालाही वाटावे.

त्या टिकल्या. नुसत्या टिकल्या नाहीत, तर वेळ संपता संपता, अगदी अखेरच्या क्षणाला दिलेल्या उत्तरावर त्यांनी सामना जिंकला. गुण होते २२० विरुद्ध २१५. आणि ते अखेरचे उत्तर देणारी विद्यार्थिनी दृष्टिहीन होती.

हा शेवटचा तपशील ऐकून पुष्कळांना नवल वाटते. मला वाटते, त्यात नवल कमी आणि शिकण्यासारखे जास्त आहे. दूरचित्रवाणी हा डोळ्यांचा मामला खरा. पण प्रश्नमंजूषा हा खेळ कानांचा आहे. प्रश्न ऐकायचा असतो, त्याचा कल ओळखायचा असतो, आणि स्मरणातून योग्य धागा ओढायचा असतो. जिने आयुष्यभर जग कानांनी वाचले, तिचे कान त्या दालनात सर्वांत तयार असणार!

आता त्या पाच गुणांचा हिशेब करून पाहू. दोन्ही संघांचे मिळून ४३५ गुण झाले. त्यांतले पाच म्हणजे शेकडा सव्वाच्याही आत. एवढ्या अंतरावरून प्रिन्स्टनची मुले अडाणी आणि अ‍ॅग्नेस स्कॉटच्या मुली पंडित, असे कोणी म्हणणार नाही. तरीही त्या पाच गुणांची किंमत मोठी होती, कारण ते खरे होते. हे 'खरे' म्हणण्याला एक कारण आहे, आणि ते कारण थोडे लाजिरवाणे आहे.

दहा वर्षे मागे जाऊ. १९५६ साली अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाचा दुसरा एक कार्यक्रम विलक्षण लोकप्रिय झाला. दोन स्पर्धक दोन बंद काचखोल्यांत उभे राहत आणि एकवीस गुण गाठण्याची धडपड करीत. हर्बर्ट स्टेम्पेल नावाचा एक साधा माणूस अनेक आठवडे जिंकत होता. त्याच्यासमोर चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा तरुण प्राध्यापक आला. वडील नामवंत कवी, घराणे विद्वानांचे. दोघांची बरोबरी झाली, पुन्हा बरोबरी झाली. सारा देश कपाळावरचा घाम पुसत बसला. शेवटी ५ डिसेंबर १९५६ रोजी, आदल्या वर्षीचा सर्वोत्तम चित्रपट कोणता ठरला, या प्रश्नाला स्टेम्पेल चुकला आणि व्हॅन डोरेन जिंकला. पुढे त्याने एकूण १,२९,००० डॉलर मिळवले आणि तो घराघरांत पोहोचला.

आणि नंतर कळले की हे सारे नाटक होते! बरोबरी ठरवून केलेली, उत्तरे आधी सांगितलेली, घाम केव्हा पुसायचा हेही पढवलेले. घाम यावा म्हणून त्या काचखोलीतली थंड हवासुद्धा बंद करीत. स्टेम्पेलला त्या प्रश्नाचे उत्तर पक्के ठाऊक होते. 'मार्टी' हा चित्रपट त्याचा आवडता होता. पण त्याला चुकायला सांगितले होते, म्हणून तो चुकला. नोव्हेंबर १९५९ मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे सर्व काही कबूल केले, आणि १९६० साली अशा बनावट स्पर्धा गुन्हा ठरवणारा कायदा झाला.

लोकांना राग कशाचा आला? पैशाचा नव्हे. अटीतटीचा सामना बघताना आपण जो जीव टांगणीला लावतो, त्या जिवाची थट्टा झाली, याचा राग आला. खोटी बरोबरी आणि खरी बरोबरी पडद्यावर सारखीच दिसते. तोच घाम, तीच शांतता! फरक एवढाच की खऱ्या सामन्यात पुढे काय होणार, हे त्या दालनातल्या एकाही माणसाला ठाऊक नसते. अ‍ॅग्नेस स्कॉटच्या पाच गुणांचे मोल या अज्ञानात आहे.

आता या खेळाची आणखी एक खुबी पाहा. त्यात नुसते ज्ञान पुरत नाही. घंटी केव्हा वाजवायची याची जाण लागते. इंग्लंडमध्ये १९६२ साली 'युनिव्हर्सिटी चॅलेंज' हा कार्यक्रम त्या अमेरिकन कार्यक्रमाच्या धर्तीवर सुरू झाला. मधली काही वर्षे सोडली तर तो आजही चालू आहे, आणि २०२३ पासून तो कलकत्त्यात जन्मलेले अमोल राजन सादर करतात. तेथला नियम असा : पहिल्या प्रश्नाला दहा गुण. ज्या संघाचे उत्तर बरोबर, त्याला आणखी तीन प्रश्न, प्रत्येकी पाच गुणांचे. पण प्रश्न पुरा होण्याआधी घंटी वाजवली आणि उत्तर चुकले, तर पाच गुण वजा! म्हणजे थांबावे तर दुसरा वाजवतो, आणि घाई करावी तर गुण जातात. संसारात असे प्रसंग किती येतात, हे वाचकांना मी सांगायला नको.

आपल्याकडे हा खेळ आला तो प्रथम कानांवाटेच. 'बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट' १९७२ साली सुरू झाली. हमीद सयानी ती नभोवाणीवरून चालवीत आणि १९७५ साली ते गेल्यावर त्यांचे धाकटे बंधू अमीन सयानी यांनी ती पुढे नेली. १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' आला आणि देशभरच्या महाविद्यालयांचे विद्यार्थी पडद्यावर दिसू लागले. १९९२ साली 'बोर्नव्हिटा' खासगी वाहिनीवर गेली. तेथे डेरेक ओब्रायन प्रश्न विचारीत. शहरांतल्या मध्यमवर्गीय घरांत रविवारची ती मोठी मौज होती. मुलांच्या हातात सामान्यज्ञानाची पुस्तके आली, राजधान्या आणि चलने पाठ होऊ लागली.

पण या सगळ्या कार्यक्रमांची भाषा इंग्रजी. ज्या घरात इंग्रजी होती, तेथपर्यंतच घंटीची तार पोहोचली होती. तार पुढे नेण्याचे काम फार सावकाश झाले.

हे मला विशेष जाणवते ते जळकोटला गेलो की. सोलापूरहून हैदराबादकडे निघालेला महामार्ग नळदुर्ग ओलांडून उमरग्याच्या वाटेला लागला की हे गाव येते. तालुका तुळजापूर, जिल्हा पूर्वीचा उस्मानाबाद, २०२३ पासून धाराशिव. माझी थोरली बहीण, आमची आक्का, तेथे दिली आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून मिळे. आक्काचे सासरे मराठीत हिशेब करीत आणि शिकलेले मात्र उर्दूत. ती पिढी संपली, तो इंग्रजीची पाळी आली. प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा, हे ठरवणारा माणूस त्या गावाबाहेरच कोठेतरी बसलेला!

चित्रांच्या पेटीचेही तसेच. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवण्याचा मोठा प्रयोग भारतात झाला. त्यात कर्नाटकातला गुलबर्गा जिल्हा होता, जो जळकोटपासून हाकेच्या अंतरावर म्हणावा. महाराष्ट्राचा मात्र त्यात समावेश नव्हता. सीमेपलीकडच्या खेड्यांत लोक चावडीसमोर बसून चित्रे पाहात होते आणि अलीकडे कंदील होते.

पुढे दिवस पालटले. २००० साली 'कौन बनेगा करोडपती' हिंदीतून आला, आणि तो घडवण्यात 'क्विझ टाइम'वाले तेच बसू होते. २०१३ साली 'कोण होईल मराठी करोडपती' आला आणि प्रश्न मराठीत विचारले जाऊ लागले. २०१९ साली अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे हिंदी कार्यक्रमात एक कोटी रुपये जिंकल्या. शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवण्याचे काम त्या महिना दीड हजार रुपयांवर करीत होत्या. वाचन आधीपासून होते. संधी मिळाल्यावर ते जगाला दिसले एवढेच. भाषेची तार लांबवली की घंटी कोठकोठल्या हातापर्यंत जाते, त्याचा हा दाखला.

पण भाषेची अडचण सुटली म्हणजे सगळे झाले असे नाही. गेल्या उन्हाळ्यात आक्काकडे गेलो होतो. तिची नात नववीत आहे. एका संस्थेने भरवलेल्या आंतरशालेय प्रश्नमंजूषेत तिच्या शाळेचा संघ अंतिम फेरीत गेला होता आणि पाच गुणांनी हरला होता. संघात तीन मुलगे आणि ही एक. कोणीतरी मोबाइलवर सारा सामना टिपून ठेवला होता. तो मला आग्रहाने दाखवण्यात आला.

नियम वर सांगितले तसेच : बरोबर उत्तराला दहा, मधेच तोडून चुकल्यास पाच वजा. शेवटचा प्रश्न सुरू झाला. "नळदुर्गच्या किल्ल्यातील पाणीमहाल ज्या नदीच्या..." इतक्यात संघनायकाने घंटी हाणली आणि मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "बोरी!" नळदुर्ग म्हणजे यांचे अंगण. बंधाऱ्याच्या पोटात बांधलेला तो आदिलशाही महाल, वरून पाणी कोसळत असताना आत कोरडे राहणारे दालन, हे सारे या मुलांनी सहलीत पाहिलेले. घाई झाली तर नवल नाही. पण प्रश्न पुढे असा होता : "...नदीच्या बंधाऱ्यात बांधला आहे, ती नदी पुढे कोणत्या नदीला मिळते?" पाच गुण गेले. समोरच्या संघालाही उत्तर आले नाही. सामना संपला.

चित्रफितीत एक गोष्ट मला दिसली, जी घरात इतर कोणाला दिसली नसावी. संघनायकाने घंटी वाजवली तेव्हा आमच्या या पोरीने हात पुढे केला होता, त्याला थांबवण्यासाठी. टेबलावर चौघांत मिळून एकच घंटी होती आणि ती नायकाच्या उजव्या हाताशी होती. ही बसली होती डावीकडे, टोकाला.

"तुला येत होतं का गं उत्तर?" मी विचारले.

"भीमा," ती म्हणाली. "आजोळी जाताना बोरी लागते की, आजोबा. अक्कलकोटकडून ती तशीच खाली भीमेला जाते. मामानं दाखवलंय मला."

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

"मी म्हणत होते, प्रश्न पुरा होऊ दे. पण घंटी त्याच्यापुढं होती."

आक्का चुलीपासून म्हणाली, "बरं झालं गप बसली. मुलीच्या जातीनं चारचौघांत मधे मधे बोललेलं बरं दिसत नाही. आधीच लोक म्हणतात, लई पुढं पुढं करते."

आता हिशेब करा. ते पाच गुण वजा झाले नसते, तर दोन्ही संघ बरोबरीत राहिले असते. 'भीमा' हे उत्तर दिले असते, तर दहा मिळून हा संघ दहा गुणांनी जिंकला असता. ज्ञान संघापाशी होते, त्याच टेबलावर होते, हातभर अंतरावर होते. गेले ते घंटीच्या जागेमुळे. आणि त्या मुलाला तरी दोष काय द्यायचा? नायक म्हणून घंटी त्याच्यापुढे ठेवणारे मोठे लोक होते. अ‍ॅग्नेस स्कॉटच्या त्या चौघींपैकी प्रत्येकीपुढे स्वतःचे बटण होते. तसे नसते, तर ती दृष्टिहीन मुलगी शेजारणीच्या हाताची वाट पाहात बसली असती, आणि तो शेवटचा क्षण निघून गेला असता.

आक्काच्या बोलण्याला मी हसलो नाही. ती बोलली त्यात लबाडी नव्हती, भीती होती. आणि ती भीती जळकोटपुरती आहे असेही नाही. २००९ साली 'युनिव्हर्सिटी चॅलेंज'च्या अंतिम सामन्यात ऑक्सफर्डच्या कॉर्पस क्रिस्टी महाविद्यालयाने मँचेस्टरला २७५ विरुद्ध १९० असे हरवले. संघाची नायिका होती गेल ट्रिम्बल, आणि संपूर्ण स्पर्धेत संघाच्या गुणांपैकी बहुतेक तिनेच मिळवले होते. तिचे कौतुक झाले तसेच तिला टोमणेही पुष्कळ ऐकावे लागले. फार शहाणी, फार आढ्यतेखोर, हसते कशी, बोलते कशी! असे टोमणे हुशार मुलाला कोणी मारीत नाही. त्याच्या आईला पेढे मिळतात. (पुढे त्या संघातला एक मुलगा स्पर्धेच्या काळात विद्यार्थी राहिलेला नव्हता, असे उघडकीस आले आणि विजेतेपद मँचेस्टरला देण्यात आले. त्यात तिचा काही अपराध नव्हता. पण पाहा, पडद्यावर संपलेला सामनासुद्धा कधी कधी संपलेला नसतो.) इंग्लंडातल्या सुशिक्षितांना जे आवरले नाही, ते आमच्या आक्काने आवरावे अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार?

या खेळावर एक आक्षेप नेहमी घेतात, आणि तो खोटा नाही. राजधान्या पाठ करून शहाणपण येते काय? नाही येत. चलनांची नावे घोकून कोणी व्यवहारी झाला, असे ऐकिवात नाही. पण आमच्या या पोरीने 'भीमा' हे उत्तर घोकले नव्हते. एस.टी.च्या खिडकीतून तिने नदी पाहिली होती आणि 'ही जाते कोठे?' असे मामाला विचारले होते. प्रश्नमंजूषेचा उपयोग असेल तर तो इतकाच, की रोजच्या वाटेवर दिसणाऱ्या गोष्टींना असे विचारण्याची सवय लागते. ती सवय ज्याला लागली, तो पाच गुणांनी हरला काय आणि जिंकला काय, पुढच्या वाटेवर त्याला सोबत मिळाली.

मात्र ज्याला उत्तर येते, त्याला ते देण्याची संधी हवी. घराघरांत हे पाहण्यासारखे आहे. जेवताना कोणी काही विचारले की पहिले उत्तर कोण देतो? बहुधा घरातला कर्ता पुरुष. येत असो वा नसो! मग थोरला मुलगा. सूनबाई वाढत असते, तिला विचारतो कोण? धाकटी तोंड उघडते, तो कोणीतरी म्हणते, "तू थांब गं." एकच घंटी, आणि ती नेहमीच्या हाताशी. उत्तर चुकले की सारे घर चुकते, आणि भीमा आपली निमूटपणे वाहात राहते.

दिवाळी आली आहे. पाहुणे येतील, मुलांना सुट्टी आहे. फराळ झाल्यावर पत्ते कुटण्याऐवजी एक दिवस हा खेळ मांडून पाहा. फार सामान लागत नाही. प्रत्येकापुढे एक वाटी आणि एक चमचा ठेवा, म्हणजे घंटीचे काम भागले. घरात माणसे जितकी तितक्या वाट्या, हा पहिला नियम. प्रश्न निम्मे पुस्तकातले ठेवा आणि निम्मे आपल्या गावातले, घरातले : आपल्या ओढ्याचे पाणी कोठे जाते, अनारशाचे तांदूळ किती दिवस भिजवतात, आजोबांची शाळा कोणत्या भाषेची होती. प्रश्न पुरा होण्याआधी चमचा वाजवून चुकणाऱ्याचे पाच गुण खुशाल कापा, मग तो घरचा कर्ता का असेना. आणि प्रश्न विचारणाऱ्याने उत्तरे आधी कोणाला सांगायची नाहीत, लाडक्या नातवालासुद्धा!

एक वाटी स्वयंपाकघराच्या दाराशीही असू द्या. तेथून पहिल्यांदा चमचा वाजेल, तेव्हा बाकीच्यांनी जरा गप्प बसून उत्तर ऐकावे.